कपाटातला रेडिओ

आमच्या हिला वाचता यावं असं मला वाटत नव्हतं. खरं ते सांगतो. तिच्या आईची कोकणातून पत्रं यायची, ती मीच वाचून दाखवायचो आणि नको ते गाळायचो. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढी अक्कल असते.

ही मात्र हट्टाला पेटली. "आईचं पत्र मी स्वतः वाचणार." लालबागला आमच्या चाळीमागच्या शाळेत दुपारी बायकांचा वर्ग भरे. मास्तर रोज तीच बाराखडी घोकून घ्यायचे, बायका पेंगायच्या. निम्म्या सुटल्या. वर्ग बंद होणार असं बोलू लागले.

त्या खोलीत कपाटात रेडिओ होता, कुणा शेठने दिलेला. दसऱ्याला बाहेर काढायचा, हळदकुंकू, झेंडूची माळ, की परत कुलूप. बिघडला तर वर जबाब कोण देणार? म्हणून लावायचाच नाही.

एकदा मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून हरताळ होता, गिरणी बंद. मी सहज हिच्याबरोबर गेलो, दारात उभा राहिलो. ही म्हणाली, "मास्तर, आमचे हेपण दसऱ्याला मागाची पूजा करतात. पण दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कापड काढतात. नुसती माळ घातली तर मुकादम घरी पाठवील."

बायका फिदीफिदी हसल्या. मास्तर म्हणाले, "आणि बिघडला तर?"

"तर हे बघतील. गिरणीत काय नुसती तंबाखू मळतात?"

मला रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी वायर खिडकीला बांधली, बटण फिरवलं. खरखर झाली आणि मराठी बातम्या लागल्या. मुंबई, महाराष्ट्र, मुंबई. हिने मास्तरांच्या टेबलावरचा पेपर ओढला. "आत्ता बोलला ते ह्यात कुठंय?" आणि 'मुंबई' तिनेच शोधून काढली. मग सगळ्या पेपरावर तुटून पडल्या. तेव्हापासून रोज आधी बातम्या ऐकायच्या, मग तेच शब्द पेपरात धुंडाळायचे. सुटलेल्या बायका परत आल्या.

चार-सहा महिन्यांनी पत्र आलं. मी हात पुढे केला, हिने ते काढून घेतलं. बोट ठेवून वाचू लागली. "'चार पत्रं घातली... माहेरपणाला ये म्हणून... तुझं उत्तर नाही.' अहो, हे तुम्ही कधी वाचलं नाहीत!"

"अक्षर लागलं नसेल."

"मला लागलं ते?"

त्याच आठवड्यात ही बोटीने माहेरी गेली, दोन महिने राहिली. म्हातारी पुढच्याच वर्षी वारली. माझ्या भरवशावर राहिली असती तर भेट झाली नसती.

तिकडून हिचं कार्ड आलं, जन्मातलं पहिलं. "आई बरी आहे. तुम्ही खोटारडे आहात. भातात पाणी जास्त घाला."

आता हीही देवाघरी जाऊन वर्ष झालं. पाणी जास्तच घालतो. तरी करपतो.