माजी राजदूतांच्या लेकीचा शपथविधी

स्किपोल विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा माझ्या अंगावर दोन स्वेटर होते आणि आजूबाजूची माणसं अर्ध्या बाह्यांत हिंडत होती. माझा मुलगा मिहिर न्यायला आला होता. तो आइंडहोव्हनला इंजिनिअर आहे आणि राहतो शेजारच्या न्यूनेन गावात. सांगलीच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला, हा डच लोकांचा देश नकाशावर शेकडो वेळा दाखवला. पण तो इतका सपाट असेल हे गाडीच्या खिडकीतून पाहिल्यावरच पटलं.

न्यूनेनमध्ये सकाळी आठला सगळे फीट्सवर (सायकलवर) टांग टाकून कामाला जातात. मागे उरतात ती मांजरं आणि आमच्यासारखे पाहुणे आईबाप. तिसऱ्या दिवशी मी केळ्यांच्या साली घेऊन कचऱ्याच्या रंगीत डब्यांपुढे विचार करत उभी होते. कुंपणापलीकडून स्वच्छ हिंदीत आवाज आला, "बहनजी, छिलके हरे में."

वळून पाहिलं तर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले सत्तरीचे चिनी गृहस्थ. नाव शेन. शेजारी राहणाऱ्या युनचे ते वडील. तरुणपणी दिल्लीच्या चिनी वकिलातीत होते, तिथली ही हिंदी. मग काठमांडू, आफ्रिकेतले दोन देश आणि शेवटची चार वर्षं इथेच, हेगला, राजदूत. माझ्या आयुष्यात भेटलेला पहिला राजदूत, आणि माझ्या हातात साली.

आमची गट्टी जमली. मी थालीपीठ द्यायची. ते मोदकासारखे वाफवलेले, पण आत कोबी भरलेले गोळे द्यायचे. एका बुधवारी त्यांनी मला हेग दाखवायला नेलं.

राजवाड्यासमोर त्यांनी सांगितलं, की नवा राजदूत आला की त्याला घोड्यांच्या बग्गीतून इथे आणतात आणि तो राजाला आपलं अधिकारपत्र देतो. बग्गीत बसून काय वाटलं, असं मी विचारलं. नवा जोडा चावत होता, म्हणाले. पुढे उंच झाडांआडचं त्यांचं जुनं निवासस्थान लांबूनच पाहिलं. चार वर्षांत ते कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंतही एकटे चालत गेले नव्हते. दाराशी गाडी असायचीच.

मग ट्रामने समुद्रावर गेलो. तिथे हारिंग (मिठात मुरवलेला कच्चा मासा) कांदा लावून, शेपटीला धरून खातात. मी शाकाहारी, म्हणून बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेतल्या. शेनसाहेबांनी मासा तोंडाशी नेला आणि एका सीगल पक्ष्याने तो वरच्या वर पळवला. बोटांत शेपटी तेवढी उरली. ते इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

परतीच्या आगगाडीत ते म्हणाले, की शुक्रवारी युन डच नागरिक होणार आहे. त्यांच्या देशात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, म्हणजे चिनी पासपोर्ट गेला. तिने त्यांना 'या' असंही म्हटलं नव्हतं. निमंत्रणपत्र फ्रीजवर लावून ठेवलं होतं, इतकंच. ती लहान असताना हे देशोदेशी आणि ती आजीकडे. तिच्या इथल्या पदवीदानाच्या वेळी ते जवळच हेगला होते, तरी एका शिष्टमंडळामुळे गेले नाहीत.

"चाळीस वर्षं मी ज्या देशाच्या वतीने बोललो, तो ती सोडतेय. मी तिथे काय म्हणून बसू?"

शिक्षिकेला सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "तिने तुम्हाला देश सोडायला कुठे सांगितलंय? खुर्चीवर येऊन बसा, एवढंच तर आहे."



शुक्रवारी युनने मला आणि मिहिरला बोलावलं होतं. खेमेंटेच्या (नगरपालिकेच्या) सभागृहात दहाबारा नवे नागरिक होते. शेनसाहेबांसाठी आमच्या शेजारी धरलेली खुर्ची रिकामी होती. युन दाराकडे बघत नव्हती. न बघण्याचा प्रयत्न मात्र दिसत होता. तिचं नाव पुकारलं तेव्हा दार उघडलं. कोट, टाय, चकाकणारे बूट. ते शेवटच्या रांगेत बसले. युनने शपथेचं वाक्य म्हटलं.

नंतर डच राष्ट्रगीत वाजलं. आम्ही गोंधळून एकमेकांकडे पाहत होतो, तोवर सगळ्यांत आधी शेनसाहेब ताठ उभे राहिले. बाहेर केक खाताना युन त्यांच्या दंडाला धरून होती. ते मला म्हणाले, "दुसऱ्यांच्या राष्ट्रगीतांना आयुष्यभर उभा राहिलो, पण नोकरी म्हणून. आज पहिल्यांदा घरच्या माणसासाठी."

महिन्याभराने मी परत निघाले. विमानतळाच्या वाटेवर मिहिरने गाडी चालवता चालवता, रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, की नागरिकत्वासाठी लागणारी त्याचीही इथली वर्षं पुरी झाली आहेत आणि अर्ज भरून तयार आहे. भारतीय पासपोर्ट सोडून द्यावा लागेल. नकाशावरच्या सीमा मी मुलांना खडूने काढून दाखवल्या होत्या. त्यातली एक माझ्या घरातून जाईल असं कधी मनात आलं नव्हतं.

"पाठव अर्ज," मी म्हटलं. "फक्त शपथविधीची तारीख मला आधी कळव. तिकीट काढायला वेळ लागतो."