पडलेले दोन दात

जवसाच्या तेलाचा वास आला की कारंज्याच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. मला बघायला आलेला मुलगा मोठ्यानं हसला, तेव्हा त्याचे पुढचे दोन दात नसल्याचं दिसलं. "हॉकीच्या बॉलनं नेले," तो म्हणाला. मग त्याला दारामागची माझी स्टिक दिसली. "काहून सुकू देली? जवसाचं तेल लावा तिले." बोलले तर स्थळ मोडेल, हे ठाऊक असूनही मी खाली बघत सांगितलं, की माझ्या फटक्यानं कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणीचा जबडा मोडला होता आणि त्यानंतर मी तिला तोंड दाखवलं नव्हतं. आईच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. तो मात्र हळू आवाजात म्हणाला, "माह्या दोस्तानंही तेच केलं. दाताचं काई नाई, पण तो आलाच नाई. मी अजून वाट पाहून राह्यलो." त्याच संध्याकाळी मी मैत्रिणीला सगळं लिहिलं. मुलाच्या घरून होकार येण्याआधी तिचं उत्तर आलं: "मुलगा पुढे खेळतो की गोलात उभा राहतो?" लोकांना वाटतं, हे लग्न वडिलांनी ठरवलं. माझा होकार मी त्या संध्याकाळी पाकीट चिकटवतानाच दिला होता.