पट्टेरी पायजम्यातला फरारी

समस्त मल्लेश्वरमवासीयांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आज सकाळी आमच्या दिवाणखान्यातल्या इस्पितळातून एक रुग्ण खाटेवरून नाहीसा झाला आहे. अंगात पट्टेरी पायजमा, उंची बोटभर, चेहरा नाही. मागावर एक नर्स असून तिच्या हातातली सुई त्या रुग्णाहून लांब आहे.

हा माझ्या शाळेच्या दिवसांतला कॉम्प्युटरवरचा खेळ. रबरी बटणांचा तो कॉम्प्युटर छोट्या टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटवरून चढवायचा. चढताना टेपमधून मांजरं भांडल्यासारखा आवाज येतो. तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर लागला की वीज लटपटते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून आमच्याकडे आईची चटणी नेहमी खेळ चढल्यावरच वाटली जायची.

यंदा माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि मला सांभाळायला बनशंकरीहून मोठी बहीण आली, आमची अक्का. बायको ऑफिसला गेली की घर अक्काच्या ताब्यात. मी जिना उतरू नये म्हणून तिनं माझ्या चपला कपाटावर ठेवून दिल्या. वर हात करायला डॉक्टरांची बंदी, हे तिला माहीत होतं. पण टाके पोटाला पडले होते, जिद्दीला नव्हे. मी तिलाच माळ्यावरून कॉम्प्युटर काढायला लावला. हे भंगार अजून जपलंयस होय, म्हणत तिनं भंगारवाल्यालाच दुपारी यायला सांगितलं.

मी पैज लावली. रुग्ण फाटकाबाहेर पडला तर कॉम्प्युटर राहील, नाहीतर जाईल. शाळेत असताना तो माझ्या हातून कधीच बाहेर पडला नव्हता, आणि अक्का ते विसरली नव्हती.

"सरी, चालेल," ती गोड हसून म्हणाली.

कॅसेट किंचाळू लागली आणि अक्कानं डाव साधून मिक्सर लावला. पडदा काळा. मी जाहीर केलं की खेळ चढेपर्यंत पेजेचा घोट घेणार नाही. माझ्या गोळ्या जेवणानंतरच्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. थोड्या वेळानं तिनं स्वतःच मिक्सरची वायर उपटली आणि हाताची घडी घालून माझ्याशेजारी येऊन बसली.

या वेळी खेळ चढला. रुग्णाला मी खाटांखालून सरपटवलं, औषधांच्या गाड्यावर उभं करून वऱ्हांडाभर पळवलं. अक्का अर्थातच नर्सच्या बाजूची. आजारी माणसानं असं हिंडायचं असतं का, टोच त्याला, असं तिचं पुटपुटणं चाललं होतं. मग फाटक दिसलं. पण दोन्ही चपला पायात असल्याशिवाय ते उघडत नाही, आणि सापडली होती एकच, दुसरी चप्पल नर्सच्या टेबलाखाली. मी मागे वळलो. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली. पडद्यावर नर्स सुई रोखून दारातून आत शिरली, आणि अक्का ताडकन खुर्चीतून उठली.

"चप्पल मरू दे रे, अनवाणीच पळ की!"