समुद्रापारची एकादशी

झाशीच्या खंडेराव गेटापाशी ऑटो थांबवला, तेव्हा ऑटोवाल्याने आधी आमची निळी पिशवी उचलून बघितली आणि मग आमच्याकडे बघितलं. "काए बाईजी, मोड़ी को ब्याव है का? इत्तो सामान!" (काय हो, मुलीचं लग्न आहे की काय?)

कपड्यांची बॅग लहानशीच होती. निळ्या पिशवीत फक्त खायचं सामान होतं. सातू, भाजके हरभरे, मेथीदाणे, बिर्ऱ्याचं पीठ (गहू आणि हरभरे मिसळून दळलेलं, आमच्या बुंदेलखंडात घरोघरी असतं), आणि वेगळ्या डब्यांत साबुदाणा, दाण्याचं कूट, शिवाय थोडे बटाटे. आम्ही अंदमानातल्या नील बेटावर निघालो होतो. समुद्राच्या मधोमध बटाटे मिळतात की नाही कोणास ठाऊक, म्हणून घेतले झालं.

आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. निवृत्तीच्या आधीची शेवटची प्रवास सवलत पदरात पडली होती, ती वाया घालवायची नव्हती. पण खरं कारण निराळं होतं. ह्यांना समुद्र आतून बघायचा होता. आमची घराणी झाशीत येऊन इतक्या पिढ्या लोटल्या की समुद्र आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातच भेटलेला. हे पोहायला शिकले ते ओरछ्याला, बेतवा नदीत. कुठल्याशा मासिकात त्यांनी पाण्याखालच्या प्रवाळांचे फोटो पाहिले आणि तेव्हापासून एकच घोषा, "एकदा त्यात डोकं घालून बघायचंय."

आड आली साखर. वर्षभरापूर्वी ह्यांना मधुमेह निघाला. गोळ्या सुरू झाल्या, गोड बंद झालं, मी दोघांसाठी एकादशीचा उपास धरला, पण रक्तातला आकडा काही खाली येईना. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "बाबूजी, इमरती छोड़िए." (इमरती म्हणजे उडदाच्या डाळीची, पाकात बुडवलेली जिलबी.) हे कानाची पाळी धरून शपथ घ्यायचे की जिभेला लावली नाही. आता ह्यांच्या कचेरीची वाट सदर बाजारातून जाते आणि त्या वाटेवर सकाळपासून इमरतीची कढई चढलेली असते. कानाची पाळी तर हे खोटं बोलतानाही धरतात. मी कशी विश्वास ठेवणार?

आमची मुलगी मंजिरी पुण्याला असते. तिने बोट टोचून साखर तपासायचं यंत्र पाठवलं आणि अट घातली: रोज सकाळी तपासायचं, आकड्याचा फोटो तिला पाठवायचा, आकडा बरा असेल तरच बाबांनी पाण्यात उतरायचं. "आणि बाबा, तिकडे लपूनछपून काही नको हं," असंही तिने सुनावलं. इमरतीचा संशय तिच्या डोक्यात मीच भरला होता. हे बॅगेची चेन लावत बसले.

चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढे विमान. रेल्वेत सातू आणि काकड्या, दुसरं काही नाही. विमानतळावर मात्र तपासणीवाल्या तरुणाने निळी पिशवी उघडायला लावली आणि कुटाचा डबा वर धरला.

"मैडम, ये कौन सा पाउडर है?"

"मूँगफली है, भैया. उपवास का."

त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसरा नागपूरकडचा निघाला. त्याने नुसता वास घेतला आणि हसून म्हणाला, "जाऊ द्या हो, आमच्या आईचाबी असाच असते." एवढ्या लांब आपली भाषा ऐकून मी उगाचच त्याला मूठभर हरभरे देऊ केले. त्याने घेतले नाहीत.

समुद्र पहिल्यांदा दिसला तो विमानाच्या खिडकीतून, आणि खरं सांगायचं तर मला तो आभाळच वाटला. हे खिडकीला नाक लावून बसले होते. पोर्ट ब्लेअरहून बोटीने नीलला निघालो तेव्हा मात्र खात्री पटली. पाणी आधी शाईसारखं गडद होतं, मग हिरवं झालं, आणि बेटाच्या धक्क्यापाशी तर इतकं स्वच्छ, की तळाची वाळू न् वाळू दिसावी. "हे खारं आहे?" असं मी एका खलाशाला विचारलं. मी उतरल्यावर पाण्यात करंगळी बुडवून चाखून बघितलं. खारंच होतं.

उतरलो ते कल्पनादींच्या घरी. त्यांचं मूळ घराणं बंगालकडून इकडे येऊन वसलेलं. पत्र्याचं घर, पुढे ओटी, मागे सुपारी, केळी आणि भाजीची शेती. दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. मी दारातच सांगून टाकलं की ह्यांना साखर आहे, आम्ही मासे खात नाही, आणि स्वयंपाकघरात थोडी जागा मिळाली तर मी माझं करून घेईन.

"दीदी, पिशवी बंद रखो," त्या म्हणाल्या. "इतना भाजी है हमारा, कौन खाएगा?"

जेवायला काय काय आलं! पाण्यात उगवणारा कलमी शाक नावाचा पाला, नुसता लसणीवर परतलेला. मोचाची (म्हणजे आपल्या केळफुलाची) भाजी. दुधी, काकडी, पातळ डाळ. ह्यांनी डाळीत डाव घातला आणि थांबले. डाळीतून माशाचं डोकं त्यांच्याकडे बघत होतं.

"कल्पनादी, हे... ये क्या?"

"मछली नहीं है दादा, खाली मुंडी है! डाल का स्वाद के लिए." (मासा नाही, नुसतं डोकं आहे!)

हे दोन्ही हात जोडून पाटावरून उठले. मग दुसरी डाळ झाली आणि सगळेच हसलो. भात मात्र मी ह्यांच्या ताटातून मूठभर ठेवून बाकीचा काढून घेतला, तो मी नेहमीच काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने इतका चांगला आकडा दाखवला की मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. त्यानंतरच्या सकाळीही तसाच. मंजिरीने टाळ्यांची चित्रं पाठवली. "बघा," मी म्हटलं, "इमरतीची वाट सुटली की आकडा कसा सुतासारखा सरळ येतो." ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि चहा प्यायला लागले. बिनसाखरेचा.

त्या दिवशी आम्ही बेट पायी हिंडलो. शेतात भेंडी आणि वांगी, आणि शेत संपलं की थेट समुद्र! एका वळणावर शहाळं घेतलं. ह्यांना अर्धंच दिलं. परत येताना कल्पनादी मागच्या वाफ्यात एक झाड उपटत होत्या. पानं पंज्यासारखी, एरंडाची आठवण करून देणारी, आणि मुळाशी मनगटाएवढे जाड कंद. मला राहवेना.

"ये कौन सा आलू है?"

"शिमुल आलू. आप लोग साबूदाना खाता है ना? इसी का बनता है. हम उबाल के खाता है, जिस दिन भात नहीं बनाता."

मी थक्कच झाले. इतकी वर्षं साबुदाणा निवडला, भिजवला, पण तो जमिनीतून येतो हे ठाऊक नव्हतं. मला तो कारखान्यातच जन्मतो असं वाटायचं. कंद हातात घेऊन मी फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. खाली लिहिलं, "आपला साबुदाणा, लहानपणी."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. पाण्यात उतरायचा दिवस मी मुद्दाम त्याच्या पुढचा ठरवला होता. माझा हिशेब सरळ होता: उपासाने पोट रिकामं, पोट रिकामं म्हणजे साखर सर्वांत कमी. झाशीतसुद्धा मी ह्यांना तपासणीचं रक्त द्यायला द्वादशीच्या सकाळीच पाठवते. नाहीतरी डॉक्टरांना उपाशी पोटीच हवं असतं, आणि त्या दिवशी पारणं फेडेपर्यंत पोट अगदी निर्मळ असतं.

एकादशीला दिवसभर पाऊस कोसळला. आम्ही ओटीवर बसून राहिलो, अंगणातसुद्धा उतरलो नाही. निळी पिशवी अखेर उघडली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हाताने. दुपारी उकडलेल्या बटाट्याची भाजी. कल्पनादींनी रताळी दिली, ती संध्याकाळी. रात्री राहिलेली खिचडी. हे "पुरे" म्हणत होते, मी वाढत होते. उपासाचा माणूस, बिचारा, दिवसभर काही खाल्लेलं नाही!

द्वादशीच्या सकाळी आकडा आला तो बघून माझ्या हातातलं यंत्र खाली पडलं. थेट झाशीचा आकडा! पुन्हा टोचलं. तोच.

मंजिरीचा फोन लगेच आला. "बाबा, काय खाल्लंत? खरं सांगा."

"काल एकादशी होती," हे म्हणाले.

"मग आज पाण्यात नाही म्हणजे नाही."

पोहायला नेणारा मुन्ना दारात उभा होता, डोळ्यांवर लावायच्या काचा आणि श्वासाची नळी घेऊन. ह्यांनी त्याला हात जोडून परत पाठवलं आणि समुद्राकडे पाठ करून ओटीवर बसले. "राहू दे," म्हणाले. "आपल्या नशिबात बेतवाच." दुसऱ्या दिवशी दुपारची आमची परतीची बोट होती.

मी त्यांच्यावर डाफरायला तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं. कारण विचारायचं काय? कुठे गेला होतात? कुठेच नाही. काल दिवसभर हे माझ्या पुढ्यातून हलले नव्हते. इमरती सोडा, साधी गुळाची ढेप त्या घरात नव्हती. जे काही पोटात गेलं ते मी वाढलेलं.

मागच्या ओट्यावर कल्पनादी शिमुल आलू सोलत होत्या. आत पांढराशुभ्र पिठाळ गर. शेजारी माझं खिचडीचं पातेलं विसळायला पडलं होतं, त्याच्या कडेला तसाच पांढरा लगदा वाळलेला. जिस दिन भात नहीं बनाता. भाताचा एकेक घास मी ह्यांच्या ताटातून काढून घेते, आणि एकादशीला तोच कंद, वर बटाटा, वर रताळं, पोट भरून, आग्रह करून. ह्यांची साखर उतरावी म्हणून धरलेला उपास! आणि रक्त द्यायला पाठवायची तेही नेमकं दुसऱ्या दिवशी.

ओटीवर जाऊन मी ह्यांच्या समोर उभी राहिले. रडू आवरत नव्हतं.

"अहो, तुम्ही इमरती खात नव्हता."

"मी तेच सांगत होतो."

"वर्षभर!"

"तुला पटायला समुद्र ओलांडावा लागला," हे म्हणाले. रागाने नाही म्हणाले, त्यामुळे जास्त लागलं.

मंजिरीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, आज नीट जेवा. उद्या सकाळी बघू." त्या दिवशी निळ्या पिशवीतून फक्त बिर्ऱ्याचं पीठ निघालं. डाळ, कलमी शाक, केळफूल, दुधी, काकडी, आणि बिर्ऱ्याची एकेक पोळी, ती मात्र कल्पनादींनी मला करू दिली आणि स्वतःही खाल्ली. जेवलो की चालायचं, पुन्हा चालायचं. किनाऱ्यावर दगड आले की हे हात पुढे करत होते.

सकाळी बोट टोचताना ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी आकडा बघितला आणि फोटो पाठवला. मंजिरीचा नुसता आवाज आला, "बाबा, जा."

मुन्नाने एक हवेची ट्यूब ह्यांना धरायला दिली आणि तिला धरून दोघं ओढत ओढत लांब गेले. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. ह्यांचं पांढरं डोकं पाण्यात गेलं, नळी तेवढी वर. किती तरी वेळ ते वर येईचनात. मग एकदम वर आले, काच कपाळावर सारली आणि लांबून ओरडले, "अगं, खाली अख्खी वस्ती आहे! निळे मासे, पिवळे मासे, घोळक्याने! माझ्या बोटाला येऊन हुंगून गेले!" आमचे हे कचेरीतल्या साहेबापुढेसुद्धा कधी आवाज चढवत नाहीत. मी काच लावून तोंड पाण्यात घातलं. मला वाळू आणि स्वतःचे पाय दिसले. तरी मी ओरडून सांगितलं की दिसले, दिसले.

झाशीला परतलो. निळी पिशवी रिकामी झाली. पुढची एकादशी आली. उपास मोडायचा नव्हता, नेम देवाला दिलेला आहे. पण त्या दिवशी काकडीची कोशिंबीर, बिनसाखरेचं दही, दुधीची भाजी आणि मूठभर शेंगदाणे, एवढंच. आणि द्वादशीच्या सकाळी मी ह्यांना मुद्दाम, नेहमीसारखंच, रक्त द्यायला पाठवलं.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि खूश होऊन हसले. "देखा बाबूजी! छोड़ दी न इमरती?"

मी खुर्चीत पुढे सरकले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. पण त्याआधी हे म्हणाले, "जी डॉक्टर साहब, छोड़ दी." आणि कानाची पाळी धरली.

बाहेर आल्यावर मी ऑटोवाल्याला सदर बाजारात थांबायला सांगितलं. कढईपाशी जाऊन एक इमरती घेतली, मोडून अर्धी ह्यांच्या हातावर ठेवली.

"ही कशाबद्दल?"

"शिक्षा तुम्ही आधीच भोगलीत," मी म्हटलं. "आता गुन्हा करा."

हे ऑटोत बसून ती खाऊ लागले, अगदी हळूहळू, बोटाला लागलेला पाकही सोडला नाही. वर्षभर मी जे रोज मनात बघत होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.