विमलाबाईंनी पेज बंद केली

डिचोलीतल्या आमच्या विशेष मुलांच्या शाळेत विमलाबाई शिकवायला आल्या आणि महिन्याभरात पालकांनी त्यांना 'दगडाची बाई' ठरवलं. मी शेजारच्या वर्गावर होते. मला राग यायचा तो पालकांचा. पोरांना देव्हाऱ्यातल्या देवासारखं ठेवायचे: न्हाऊ घाला, नैवेद्य दाखवा, उचलून ठेवा.

शालिनी अकरा वर्षांची. जन्मापासून हातांना कंप. तिची आई वत्सला दुपारी सर्वण गावाहून पेज घेऊन यायची आणि चमच्याने भरवायची. शालिनीला काहीही सांगा, हात न हलवताच उत्तर तयार, "माका जमाचा नाय."

विमलाबाईंनी थोडे दिवस नुसतं पाहिलं. मग वत्सलाला म्हणाल्या, "पेज बंद. उद्यापासून उंडे पाव आणि सुकी भाजी. तू फाटकाबाहेर थांबायचं."

"बाई, तिचे हात थरथरतत. उपाशी रवतली!"

"पेज भरवणाऱ्याच्या सोयीची. पाव तिला धरता येईल."

शालिनीने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. असे बरेच दिवस गेले. संध्याकाळी आई भरवायचीच, त्यामुळे पोरीचा जीव जाणार नव्हता. वत्सलाचा मात्र रोज जायचा. शिपाई गोपाळ पुटपुटला, "बाईक स्वताचीं भुरगीं नात न्हय!" स्वतःची मुलं नसल्याचा हा टोमणा विमलाबाईंनी ऐकला. शालिनीने खाल्ल्याशिवाय त्याही डबा उघडत नव्हत्या, हे त्याला कुठे ठाऊक होतं!

एका दुपारी शालिनीने उंडा ओढला. अर्धा फ्रॉकवर, थोडा हनुवटीवर, उरलेला तोंडात. माझे डोळे भरून आले. विमलाबाई म्हणाल्या, "पाणी मडक्यात आहे." शालिनी फणकाऱ्याने उठली आणि स्वतः जाऊन पाणी प्यायली.

गणपतीच्या चवथीला वत्सलाने आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. पानावर वरणभात होता. शालिनीच्या आत्याने घास कालवून तिच्या तोंडापाशी नेला. शालिनीने तो हात बाजूला सारला. "माजा मी खातंय," म्हणाली. बराच भात चटईवर सांडला.

वत्सला भांबावून उभी राहिली. विमलाबाईंनी तिच्यासाठी पान मांडायला लावलं. पहिला घास तोंडात घेऊन ती थांबली.

"काय गं?" मी विचारलं.

"भात गरम आसा, बाई."

अकरा वर्षं ती लेकीला भरवून झाल्यावर उरलेलं, निवलेलं जेवत आली होती. त्या दिवशी ती लेकीच्या शेजारी बसून रडत रडत पोटभर जेवली.