एक दात बाकी

१९९९च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, आखातात, मीना अब्दुल्ला या गावातल्या आमच्या यार्डात, सीताराम परबने युसूफ मुकादमच्या तोंडावर ग्रीसगन मारली. युसूफचे वरचे, समोरचे दोन दात गेले. हजर माणसं तीन. मारणारा, मार खाणारा आणि ग्रीसच्या नळ्या द्यायला स्टोअरमधून बाहेर आलेला मी.

आमची कंपनी रस्त्याकडेला झाडं लावायचा ठेका घ्यायची. माती आणि खत वाहायला सात छोटे ट्रॅक्टर होते, प्रत्येकाला पुढे माती उचलायचा लोडर. परब त्यांचा मेकॅनिक. कुडाळकडचा, बुटका, मान बैलासारखी जाड. त्याच्या रागाला कारण शोधणारे पुष्कळ होते. कोणी म्हणे, नव्वद सालच्या लढाईत सगळं टाकून पळावं लागलं त्याचा हा राग. मला तसं काही सापडलं नाही. तो मुळातच तसा होता. एकदा खोलीत भात कच्चा राहिला म्हणून त्याने कुकर तिसऱ्या मजल्यावरून खिडकीबाहेर फेकला. मग स्वतः खाली गेला, वाळूतून कुकर उचलला, झाकणाचं रबर तपासलं आणि वर आणून पुन्हा भात लावला. ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर त्यालाही लाथ बसायची.

लोडरला ग्रीस किती वेळाने करायचं, यावर त्याचं आणि मॅनेजरचं कायमचं भांडण होतं. ट्रॅक्टरच्या पुस्तकात दर दहा तासांनी लिहिलं होतं. मॅनेजर म्हणायचा, आठवड्यातून एकदा पुरे, रोज अर्धा तास कोण वाया घालवतो? परब दोघांनाही मोजत नसे. रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी, आणि तोज सुटला, म्हणजे इथलं धुळीचं वादळ, तर दुपारी पुन्हा. "घड्याळ बघान ग्रीस करतत ते बाबू," तो म्हणायचा. "मी वारो बघतंय." मी हिशेबाचा माणूस. परबच्या ट्रॅक्टरना ग्रीस तिप्पट लागायचं, आणि लोडरच्या सांध्यांना नव्या पिना जवळजवळ लागतच नसत. त्यामुळे नळ्या देताना मी कधी कटकट केली नाही.

ग्रीस करायची त्याची रीत ठरलेली होती. निपलचं, म्हणजे ग्रीस आत जायच्या बोंडाचं, तोंड आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर गनबरोबर वाळूच आत जाते. लोडरचे हात खाली टेकवून पिनेवरचा भार काढायचा. मग काळं, जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबायचं. आणि सांध्याभोवती बाहेर आलेलं ग्रीसचं कडं तसंच ठेवायचं. त्या कड्याला हात लावलेला त्याला खपत नसे. "ती घाण नाय रे मेल्या, ती वई आसा." वई म्हणजे कोकणात वाडीभोवती घालतात ते कुंपण. वाळू त्या कड्याला चिकटते, आत शिरत नाही.

युसूफ रत्नागिरीकडचा, ऑपरेटर, नव्यानेच आलेला. कमालीचा स्वच्छ माणूस. ट्रॅक्टरवर बसतानाही त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नसे. त्या सकाळी त्याने सगळे सांधे नीट ग्रीस केले आणि मग फडकं घेऊन एकूण एक कडं पुसून चकचकीत केलं. परब आला. कोरडे, चमकणारे सांधे पाहिले. आळशाने ग्रीसच केलं नाही, असं ओरडला आणि युसूफ तोंड उघडतोय तोवर बाकावरची गन उचलली.

युसूफ रक्ताळलेला रुमाल तोंडावर धरून फहाहीलच्या पोलीस ठाण्यात गेला. संध्याकाळी परब आत होता. हत्याराने मारलं होतं, म्हणजे शिक्षा आणि नंतर देशाबाहेर, परत पाऊल ठेवायचं नाही. मॅनेजरला ते हवंच होतं. एकच वाट होती. तक्रारदाराने तनाझुल द्यायचं, म्हणजे माझी तक्रार नाही असं ठाण्यात लिहून द्यायचं.

मी युसूफच्या खोलीवर गेलो. तोंडात कापूस होता, गाल सुजून काळा पडला होता. दातांचा खर्च कंपनीकडून मिळवून देतो म्हणालो. त्याने मान हलवली. "साहेब, दातांचं जाऊ दे. मी ग्रीस केलं होतं. तो मला आळशी म्हणाला." थोड्या वेळाने त्याने अट सांगितली. सही करतो, पण परब सुटून आला की त्याच यार्डात, त्याच गनने मी त्याच्या तोंडावर एक मारणार. तुम्ही हजर राहायचं.

ही अट मी ठाण्यात गजाआडच्या परबला सांगितली. मला वाटलं होतं तो उसळेल. त्याने विचारलं, "ग्रीस केलेला काय तेणी?" मी हो म्हणालो. "आणि वर पुसल्यान?" मी पुन्हा हो म्हणालो. परबने नाक शिंकरलं. "मगे बरोबर आसा. मारूंदे."

युसूफने आधी सही केली. परब शब्द पाळेल यावर दोघांपैकी कोणाला शंका नव्हती, फक्त मला होती. सुटल्याच्या दुसऱ्या सकाळी परब ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ लावून उभा राहिला, हात मागे बांधून. युसूफने बाकावरची गन उचलली.

"ती नको," परब म्हणाला. "रिकामी आसा. भरलेली घे. रिकामी हलकी लागता."

युसूफने भरलेली घेतली आणि मारली. ओला लाकूडफाटा मोडतो तसा आवाज झाला. परब गुडघ्यावर बसला. हनुवटीवरून रक्त आणि ग्रीस एकत्र ओघळत होतं. त्याने तळहातावर थुंकून मोजलं आणि हात माझ्यापुढे धरला. "साहेबानू, तीन. एक जास्त." दात खिशात टाकले, चाकाला धरून उठला आणि युसूफला म्हणाला, "जा आता, लोडराक ग्रीस कर. भायर इलेला पुसू नको."

त्याच उन्हाळ्यात, तोज चालू असताना, शेजारच्या यार्डातल्या लोडरची पिन तुटली. भरलेलं बकेट वरून खाली आलं आणि पाण्याचा कूलर पत्र्यासारखा चपटा झाला. तिथे पाणी पिणारी माणसं नुकतीच बाजूला झाली होती, म्हणून वाचली. युसूफ धावत गेला. तुटलेली पिन हातात घेऊन तो बराच वेळ पाहत होता. कोरडी होती, आणि स्वच्छ. परत येऊन त्याने आमचे सातही लोडर ग्रीस केले.

त्यानंतर दोघे सात वर्षं एकत्र राहिले, मंगफमधल्या एकाच खोलीत. मैत्री म्हणवत नाही. रोज भांडण, महिन्यातून एकदा हातघाई. युसूफने काही चुकवलं की परब आपल्या कवळीवर बोट आपटायचा. "एक दात बाकी आसा." जेवताना, पत्त्यांत हरल्यावर, ईदची बिर्याणी चापल्यावरसुद्धा. नवा ऑपरेटर आला की युसूफच त्याला कडं दाखवायचा आणि सांगायचा, ही वई आहे, हिला फडकं लावशील तर माझ्याशी गाठ आहे.

२००६ साली परबच्या अंगावरून वारा गेला. डावी बाजू निकामी झाली. गावी पाठवताना, विमानतळावर स्ट्रेचर आत नेण्याआधी युसूफ त्याच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "परबा, तुझा एक आहे माझ्याकडे." परबने एकच डोळा उघडून पाहिलं. बोलता येत नव्हतं.

दोन वर्षांनी मी कायमचा परतलो. त्या पावसाळ्यानंतर युसूफ सुट्टीवर आला आणि त्याने मला कुडाळला चल म्हणून गळ घातली. रत्नागिरीच्या डॉक्टरने त्याची एक दाढ उपटली होती. ती त्याने काडेपेटीत कापसावर ठेवून आणली होती.

परब ओटीवर खाटेवर बसला होता. मान बारीक झाली होती. तोंड वाकडं, पण शब्द पुन्हा फुटू लागले होते. युसूफने काडेपेटी उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. परबने दाढ उजेडात धरली, फिरवून पाहिली.

"ह्यो किडलेलो. माझो चांगलो होतो."

"मग फरक घे," युसूफ म्हणाला आणि वाकून गाल पुढे केला.

परबने उजवा हात उचलला आणि त्याच्या थोबाडीत मारली. परबची बायको ओरडत बाहेर आली. परबने तिच्याकडे पाहिलंही नाही. "ताटां वाढ," म्हणाला.

परतीच्या गाडीत युसूफ गालावर हात ठेवून खिडकीबाहेर पाहत होता. फार लागलं का, म्हणून मी विचारलं.

"नाही लागलं," तो म्हणाला. "तेच तर. परबाचा हात असा नव्हता."

हजर माणसं चार: परब, त्याची बायको, युसूफ आणि मी. युसूफने दिलं ते असं. एक दात, किडका, आणि फरकापोटी एक थोबाडीत. दोन्ही सीताराम परबच्या खाती जमा, त्याच्याच ओटीवर.