दाजींची झोप माझ्या नावावर

माणूस झोपेत पूर्णपणे एकटा असतो. राजा असो की हमाल, एकदा डोळा लागला की त्याच्या त्या मुलखात दुसऱ्या कुणाला प्रवेश नसतो. हे मी बऱ्याच जाड पुस्तकांत वाचलं आहे आणि पुष्कळ वर्षं मानतही आलो. गेल्या दीड वर्षापासून मात्र माझ्या झोपेत माझी मुलगी रोज सकाळी साडेसातला बंगळुरूहून डोकावून जाते. किती वाजता डोळा लागला, किती वेळा कूस बदलली, मोरीकडे केव्हा उठलो, सगळं तिला दिसतं. कारण माझ्या उजव्या हातात एक काळी अंगठी आहे आणि ती आमच्या दोघांच्याही फोनला चहाड्या करते.

याचं मूळ सायकलीत आहे. बायको गेल्यावर शेवगावच्या आमच्या घरात सकाळ फार लांब झाली. एकट्याचा चहा करायला चार मिनिटं लागतात, पेपर वाचायला वीस. पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या मास्तराने सहसा करू नये ते मी केलं. गिअरची सायकल घेतली आणि नेवासा रस्त्याला लागलो. पहिल्या महिन्यात दहा किलोमीटर, मग वीस. एकदा लागोपाठ दोन दिवस पन्नास केले आणि ते मुलीला फुशारकीने सांगितलं. तीच चूक झाली.

मुलगी स्वतः पळते. बेचाळीस किलोमीटर हौसेने पळणारे आणि त्यासाठी आधी चार महिने झिजणारे जे लोक असतात, त्यांच्यातली ती आहे. तिने मला फोनवर समजावलं की व्यायामाने ताकद येत नाही, व्यायामानंतरच्या विश्रांतीने येते. शरीर सावरलं की नाही हे मोजायला हवं.

"दमलो की मला कळतं," मी म्हणालो.

"आईलाही कळत होतं. सांगितलं कुठं तिनं?"

तिच्या बोटात होती तशीच माझ्यासाठीही अंगठी मागवली गेली.

आधी नुसती मापं आली. वेगवेगळ्या आकारांच्या प्लास्टिकच्या अंगठ्यांची एक डबी, आणि सोबत सूचना की योग्य वाटेल ती दिवसभर आणि रात्रभर घालून बघावी. आमच्या लग्नात सोनाराने दोरा गुंडाळून दोन मिनिटांत माप घेतलं होतं. पण ती अंगठी माझ्याबद्दल कुणाला काही सांगणार नव्हती, त्यामुळे तिला सैल-घट्ट चालून गेलं.

खरी अंगठी काळी निघाली. पुण्यात किंवा बंगळुरूत काळी अंगठी म्हणजे काय समजतात, मला माहीत नाही. आमच्याकडे काळ्या अंगठीचा एकच अर्थ होतो. घोड्याच्या नालेची, शनीसाठी. पस्तीस वर्षं मी वर्गात फळ्यावर ग्रहमाला काढून सांगत आलो होतो की शनी हा वायूचा गोळा असून त्याला शेवगाव तालुक्यातल्या कुणाशी काही देणंघेणं नाही. आता चहाच्या हॉटेलात माझ्या हाताकडे बघून एकेकाचा चेहरा उजळू लागला. माझा एक जुना विद्यार्थी, आता त्याचं खतांचं दुकान आहे, मला समोरून जाताना बघून गल्ल्यावरून उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, बरं केलंत. बाई गेल्यावरच मी घरी म्हनलो हुतो, सरांना साडेसाती हाय."

"अरे, ही झोप मोजते."

"लागंल की आता झोप. शांती झाल्यावर लागतीच."

मी समजावणं सोडून दिलं. आणि खरं सांगायचं तर, फरक काढायला मलाही जरा अवघडच जात होतं. रोज उठल्यावर फोन उघडायचा आणि आजचा दिवस कसा आहे ते वाचायचं. "आज शरीर तयार आहे, मोठं काम हाती घ्यायला हरकत नाही." "आज सांभाळून राहा." शब्द इंग्रजी असले तरी हे मी पेपरच्या मागच्या पानावर लहानपणापासून वाचत आलो होतो आणि त्याला हसत आलो होतो. सायकल काढावी की नाही हे मी आता अंगठीला विचारत होतो. फक्त तिला तेल वाहत नव्हतो.

पण अंगठीने माझं एक नुकसान केलं, आणि ते सांगायलाच मी बसलो आहे.

आईच्या माघारी मुलगी रोज सकाळी आठला फोन करायची. प्रश्न ठरलेला. रात्री झोप लागली का? मी ठरलेलं खोटं सांगायचो, लागली. मग खरं बोलणं सुरू व्हायचं. दूध उतू गेलं का, डबा कुणाचा येतो, त्यात तेल किती असतं, शेजारच्यांच्या सुनेचं काय झालं, चिक्कूला फळं धरली का. तिच्याकडे मागे प्रेशर कुकर शिट्टी द्यायचा आणि "बाबा, एक मिनिट" म्हणून ती फोन ठेवायची नाही, नुसता बाजूला ठेवायची. मग तिच्या स्वयंपाकघरातले आवाज ऐकत मी बसायचो. नळ, ताट, चप्पल घासत चालण्याची तिची सवय. कधी पाच मिनिटं, कधी दहा.

अंगठी आल्यावर तो प्रश्नच उरला नाही. उत्तर तिला माझ्याआधी कळू लागलं, तेही शंभरपैकी गुणांत. पहिले आठ-दहा दिवस तिने फोन करून अभिनंदन केलं. मग फोनच्या जागी मेसेज आला, "७९, छान." मग नुसता आकडा. मग नुसता वर केलेला अंगठा. माझी झोप ती अधिक बारकाईने बघू लागली होती आणि माझ्याशी बोलायचं कारण तिला उरलं नव्हतं. तक्रार तरी काय करणार? मुलगी रोज न चुकता विचारपूस करत होती.

एकदा मी मुद्दाम उशिरापर्यंत जागून बघितलं. आकडा साठाच्या खाली गेला. फोन येईल म्हणून आंघोळ लांबवली. मेसेज आला, "संध्याकाळी चहा घेऊ नका."

मार्गशीर्षात मी आक्काकडे गेलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नेवाशाच्या पुढे प्रवरेकाठी तिची शेती आहे. दुपारी जेवायच्या आधी मी अंगठी काढून तिच्या छोट्या स्टँडवर चार्जिंगला ठेवली, टीव्हीच्या शेजारी. हात धुऊन येतो तर दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, ती बोटात घालून हात उजेडात धरून बघत होते.

"पाव्हनं, नाल अस्सल दिसतीय. कुठनं आनली?"

"दाजी, ती नालेची नाही. काढा, तिला चार्ज व्हायचंय."

"व्हईल की बोटात."

दाजींनी काढायला बघितली, पण कांद्याच्या आणि उसाच्या कामात साठ वर्षं फुगलेल्या त्या बोटाच्या सांध्यावरून ती मागे येईना. साबण झाला, खोबरेल झालं. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. दोनदा मोटर जळली यंदा. चार दिस ऱ्हाऊ दे यांच्या हातात."

"आक्का, त्यात मशीन आहे."

"मग तर लईच बरं."

आता बहिणीच्या नवऱ्याच्या बोटातून वस्तू ओढून घेणं हे आमच्याकडे कोणत्याही मशीनसाठी होत नाही. मी जेवलो आणि मोकळ्या हाताने शेवगावला आलो. दुसऱ्या दिवशी मुलीचा मेसेज आला, "बाबा, डेटा नाही." शनीच्या नावाने अंगठी दाजींकडे राहिली हे विज्ञानाच्या मास्तराला लिहवेना. मी लिहिलं, "बघतो."

चौथ्या दिवशी दाजी बाजार समितीच्या कामाला शेवगावात आले ते थेट घरी. शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "तुमच्या आक्कानं दोरा गुंडाळून काढली. मोटर चालू हाय आजून. गुन हाय तिच्यात."

मी अंगठी घातली आणि फोन उघडला. तिच्या पोटात साठलेलं सगळं तिने तत्परतेने ओकून टाकलं. त्या आठवड्यात दाजींकडची शेतीची लाईट रात्रीची होती. म्हणजे तीन रात्री दाजी कांद्याला पाणी भरत उभे होते आणि दिवस उजाडल्यावर जेमतेम दोन तास आडवे होत होते. हे सगळं माझ्या नावावर जमा झालं.

"काय म्हनतीय?" दाजींनी चहाचा कप ठेवत विचारलं.

मी वाचून मराठीत सांगितलं, "शरीरावर ताण दिसतो आहे. काही दिवस रात्री लवकर झोपा."

"इसावा घ्या म्हनतीय व्हय? मग लाईट दिवसा सोडा म्हनावं तिला."

आम्ही हसत होतो तेवढ्यात फोन वाजला. बुधवार, कामाचा दिवस, सकाळचे साडेअकरा, आणि मुलीचं नाव.

"बाबा, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही गं."

"काही नाही कसं? तीन रात्री तुम्ही झोपलाच नाहीत. छातीत काही होतंय का? खरं सांगा. मला खरं सांगा."

तो आवाज मी विसरलो होतो. तिच्या आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी तो मी शेवटचा ऐकला होता. पहिल्या वाक्यालाच सांगायला हवं होतं की ही झोप दाजींची आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "तू जेवलीस का?"

मग ती बोलत राहिली. डबा, तेल, चिक्कू, गुडघा, शेजारी, एकेक करून सगळं विचारलं. मी प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, एक सोडून. शेवटी ती म्हणाली, "मी शनिवारी येतेय." मी म्हणालो, "बरं."

दाजी माझ्याकडे बघत होते. "काय म्हनती पोरगी?"

"येतेय शनिवारी."

"आन् सांगितलं का न्हाई, झोप कुनाची ती?"

"नाही."

दाजींनी उरलेला चहा बशीत ओतला, सावकाश प्यायले आणि म्हणाले, "मास्तर हाय तुमी. लेकरांना खोटं बोलू नगा म्हनायचे ना?" मग उठताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सांगा, पन घाई करू नगा."

मी घाई केली नाही. तिची गादी उन्हात टाकली. तिच्या खोलीतली सायकलीची खोकी माळ्यावर गेली. गवार आणली, मग आठवलं की गवार तिच्या आईला आवडायची, तिला नाही. दोन वर्षांत ती तीन वेळा आली होती, दर वेळी एका रात्रीसाठी, येताना परतीची गाडी ठरवून. तिच्या आईने पाटावर बसवून तिचे केस धुवायचे ते दिवस सोडा, मला नुसतं ती घरात चालताना ऐकायची होती. पण हे दुसऱ्याच्या जागरणावर मिळवलेलं होतं, आणि ती बसमध्ये बसून रात्रभर माझ्या छातीची काळजी करत येणार होती. शुक्रवारी सकाळी मी फोन केला. ती येणार नाही असं धरूनच केला.

"ती झोप माझी नव्हती. अंगठी मामांकडे होती." आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात.

"मामांकडे?"

"त्यांना नालेची वाटली. बोटात अडकली."

ती इतकी हसली की फोन लांब धरावा लागला. मग म्हणाली, "मामांची होय! मला कुणाची ते कळत नव्हतं. तुमची नाही एवढं त्याच संध्याकाळी कळलं होतं. बाबा, तुम्ही रात्री दोन वाजता एवढी पावलं चालाल? आणि नाडी बावन्न. तुमची बावन्न कधी होती? कुणीतरी पळणारा असेल म्हटलं."

"म्हणजे बुधवारीच कळलं तुला?"

"हो."

"मग फोन का नाही केलास?"

"तुम्ही करता का ते बघत होते."

पुढचा प्रश्न मला विचारायचा नव्हता. पण विचारला. "मग आता येतेस कशाला?"

तिकडून ऑफिसातले आवाज येत होते, एक दार लागलं, आणि आवाज बंद झाले.

"मला इथं झोप लागत नाही, बाबा. चार महिने झाले. पळणंही बंद आहे."

"तुझ्या अंगठीत दिसत असेल ना."

"दिसतं की. मला एकटीला दिसतं."

दीड वर्षात मी तिची झोप एकदाही विचारली नव्हती. मला कुणी विचारत नाही, या दुःखात होतो.

"नाश्त्याला काय करू?" मी म्हणालो.

शनिवारी सकाळी ती नगरहून एसटीने आली. डोळ्यांखाली तिच्या आईसारखी काळी वर्तुळं होती. दोन थालीपिठं खाल्ली, तिसऱ्याचा तुकडा हातात असतानाच म्हणाली, "पाच मिनिटं पडते." तेव्हा दहा वाजले होते. मी गॅसवरचा कुकर उतरवून भात पातेल्यात शिजवला. कर्णा लावून फिरणाऱ्या भंगारवाल्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं आणि आज पलीकडून जायची विनंती केली. मग तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून पुस्तक उघडून बसलो. एकही पान उलटलं नाही. उन्हं दारातून सरकत भिंतीवर गेली, दुपार टळली, पाच वाजून गेले, आणि इतक्या दिवसांनी त्या घरात माझ्याशिवाय आणखी कुणाचा तरी श्वास चालू होता.

ती घोरते.